बारा कडवी, एक चकती : सेंट पॉलच्या हिवाळी खजिनाशोधाचे परीक्षण

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याची राजधानी असलेल्या सेंट पॉल शहरात जानेवारीच्या अखेरीस विंटर कार्निव्हल भरतो, आणि त्याच्या जोडीने ‘सेंट पॉल पायोनियर प्रेस’ हे तेथील दैनिक १९५२ पासून एक खजिनाशोध चालवत आले आहे. सेंट पॉल ज्या जिल्ह्यात येते त्या रॅम्झी काउंटीच्या हद्दीतील एखाद्या सार्वजनिक जागेत तळहातावर मावेल एवढी एक चकती लपवलेली असते. तिला येथे सगळे ‘मेडॅलियन’ म्हणतात. ती कोठे आहे हे सुचवणारी यमकबद्ध कडवी रोज एक याप्रमाणे वर्तमानपत्रात छापली जातात, एकंदर १२. आणि जो ती चकती सर्वांआधी शोधून काढील त्याला १०,००० डॉलरपर्यंत बक्षीस मिळते. मी याच परिसरात राहते, हा शोध अनेक हिवाळे जवळून पाहत आले आहे आणि हातात फावडे घेऊन त्यात उतरलेही आहे. वाचकाला कडाक्याच्या थंडीत घराबाहेर काढणारा, आपलेच शहर नव्याने पाहायला लावणारा आणि मुख्य म्हणजे चार ओळींचे कडवे शब्द न् शब्द पारखून वाचायला लावणारा असा दुसरा उपक्रम मला कोणत्याही वर्तमानपत्रात आढळलेला नाही. म्हणूनच एखाद्या दुकानाचे किंवा सेवेचे करावे तसे, गुणदोष दोन्ही मांडून, त्याचे परीक्षण करावेसे वाटले.

कार्निव्हलचा जन्मच मुळी वर्तमानपत्रातील एका शेऱ्यातून झाला, असे येथे सांगतात. १८८५ साली न्यू यॉर्कच्या एका बातमीदाराने सेंट पॉलची तुलना सैबेरियाशी केली आणि हिवाळ्यात हे शहर माणसाने राहण्याच्या लायकीचे नाही, असे लिहिले. ते येथील व्यापाऱ्यांना आणि पुढाऱ्यांना फार झोंबले. खुलासे पाठवत बसण्याऐवजी त्यांनी १८८६ च्या हिवाळ्यात बर्फाच्या लाद्यांचा राजवाडा उभारून उत्सवच भरवला. त्याच सुमारास कॅनडातील माँट्रिऑलमध्ये देवीची साथ पसरल्यामुळे तेथील हिवाळी उत्सव होऊ शकला नव्हता, आणि बर्फाचे महाल बांधण्यात मुरलेली तेथील हचिन्सन मंडळी त्यामुळे सेंट पॉलला मिळाली. पुढे उत्सवात मोठमोठे खंड पडले, पण दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने पुन्हा मूळ धरले. त्याला स्वतःची एक कथाही आहे. वाऱ्यांचा राजा बोरियस या नगरीला आपल्या हिवाळी राज्याची राजधानी करतो, आणि अखेरच्या दिवसांत मशालींच्या मिरवणुकीनंतर अग्निदेव व्हल्कनचे लाल पोशाखातील गण त्याला सिंहासनावरून खाली खेचतात. मिरवणुका, राइस पार्कमधील बर्फशिल्पे आणि हे सोंग पाहण्यासारखे आहेच. पण ते सारे पाहण्याचे. ज्यात सामान्य माणसाला स्वतः उतरता येते असा उत्सवाचा भाग म्हणजे हा खजिनाशोध.

शोध चालवणारे दैनिकही नवखे नाही. १८४९ साली ‘मिनेसोटा पायोनियर’ या नावाने ते सुरू झाले, तेव्हा मिनेसोटा हे राज्य झालेलेही नव्हते. शहराच्या कानाकोपऱ्याची एवढी जुनी नोंद ज्याच्या दप्तरात आहे, त्यानेच शहराच्या जागा ओळखण्याची परीक्षा घ्यावी यात मला औचित्य दिसते.

आता मुख्य गोष्टीकडे, म्हणजे कडव्यांकडे येते. पहिली दोन-तीन कडवी मुद्दाम धूसर ठेवलेली असतात. त्यांत उत्सवाचे स्वागत असते, थंडीचे वर्णन असते, आणि त्या वर्णनात एखादा शब्द असा पेरलेला असतो की तो महत्त्वाचा होता हे आठवडाभराने कळावे. मधली कडवी एकेक भाग वगळू लागतात. नदीच्या कोणत्या अंगाला, टेकडीवर की खोलगटात, पाण्याजवळ की रस्त्याजवळ, हे हळूहळू ठरत जाते. शेवटची दोन-तीन कडवी त्या बागेतील झाड, पायवाट, खांब यांपर्यंत आणून सोडतात, आणि बारावे जवळजवळ पत्ताच देते. ही उतरण किती सावकाश ठेवायची यातच लिहिणाऱ्याचे कसब आहे. पाचव्याच दिवशी सारे उघड झाले तर खेळ संपला, आणि अकराव्या दिवशीही काही हाती लागले नाही तर वाचक चिडतो. माझ्या मते चांगल्या कडव्याची कसोटी अशी की उलगडण्यापूर्वी ते दहा जागी बसावे आणि उलगडल्यावर एकाच जागी बसावे. या दैनिकाची बहुतेक कडवी या कसोटीला उतरतात, आणि एवढ्या वर्षांनंतरही उतरतात, ही साधी गोष्ट नव्हे.

त्यांची घडण कशी असते हे मराठी वाचकाला कळावे म्हणून मी स्वतः एक कडवे रचून पाहिले. हे छापून आलेले नाही आणि कोणत्याही वर्षीच्या कडव्याचे भाषांतरही नाही. केवळ नमुना म्हणून ते वाचावे.

बाहेर हिमाचा पहारा, आत ताडाला नवे पान,
काचेखाली जपले ऊन, त्याला देऊ थोडा मान;
घुमट पाठीशी घेऊन मग तळ्याकडे निघावे,
जिथे उन्हाळी गाणी रंगती, तिथे हिवाळी शोधावे.

सेंट पॉलच्या माणसाला पहिल्या दोन ओळींवरून कोमो पार्कमधील काचगृह आठवेल. १९१५ साली उघडलेल्या या काचगृहाच्या मधल्या घुमटाखाली ताडामाडांची झाडे आहेत, आणि जानेवारीत आत पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरते. उतावळा वाचक येथेच थांबेल आणि काचगृहाच्या भोवतालचा बर्फ उपसू लागेल. पण दुसऱ्या ओळीने काचगृहाला नुसता मान द्यायला सांगितले आहे, तेथे शोधायला सांगितलेले नाही. तिसरी ओळ त्याच्याकडे पाठ करायला लावते. चौथ्या ओळीतील गाणी कोणती, हे ज्याने जून-जुलैच्या संध्याकाळी तळ्याकाठच्या मंडपात बसून संगीत ऐकले आहे त्याला लगेच समजेल. बाकीच्यांना विचारत फिरावे लागेल. म्हणजे हिवाळ्यातील कोड्याचे उत्तर उन्हाळ्यातील आठवणीत दडलेले आहे. खऱ्या कडव्यांमध्येही हाच गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याने शहरात नुसते राहून न घेता ते वापरले आहे, ज्याची मुले तेथील घसरगुंडीवर खेळली आहेत, ज्याने तेथील बाकावर बसून डबा खाल्ला आहे, त्याच्या बाजूने हा खेळ झुकतो. अंगातील ताकद, महागडी गाडी किंवा रिकामा वेळ यांचा उपयोग होतो, पण त्यानंतर.

शाळेत संस्कृत शिकलेल्यांना ‘केशवं पतितं दृष्ट्वा’ हा कूटश्लोक आठवत असेल. पद चुकीच्या जागी तोडले की अर्थाचा अनर्थ, आणि योग्य जागी तोडले की लख्ख उजेड. सेंट पॉलच्या कडव्यांतही अशी दुहेरी पदे असतात: सामान्य नाम वाटणारा शब्द रस्त्याचे नाव निघतो, आकडा एखाद्या सालाकडे बोट दाखवतो, आणि सहज आलेली उपमा एखाद्या जुन्या रहिवाशाकडे नेते. त्यामुळे जानेवारीत येथील जाणती मंडळी शहराचा इतिहास पुन्हा चाळू लागतात. मिसिसिपी नदीकाठच्या या वस्तीला पिएर परांट नावाच्या दारूविक्याच्या टोपणनावावरून आधी ‘पिग्ज आय’ म्हणत असत, आणि १८४१ साली फादर गाल्तिए यांनी बांधलेल्या लाकडी प्रार्थनागृहावरून तिला आजचे नाव मिळाले, हे मला येथील शाळेने किंवा संग्रहालयाने सांगितले नाही. कडवी सोडवताना शेजारच्या टेबलावरच्या दोन वृद्ध गृहस्थांच्या वादातून ते माझ्या कानावर आले.

कडवी कोण लिहिते हे गुप्त असते आणि ते गुपित कसोशीने पाळले जाते. मला ही प्रथा फार आवडते. लिहिणारा कोण हे कळले असते तर लोकांनी कडव्यापेक्षा त्याच्या सवयींचा, त्याच्या घराच्या पत्त्याचा आणि त्याच्या फिरायला जायच्या रस्त्याचा अभ्यास केला असता. नाव नसल्यामुळे वाचकासमोर उरतात ते फक्त शब्द. चकती सापडली की दैनिक प्रत्येक कडव्याचे स्पष्टीकरण ओळीओळीने छापते, आणि मला विचाराल तर त्या स्पष्टीकरणासाठीच त्या दिवशीचा अंक विकत घ्यावा. कोणता शब्द कशासाठी योजला होता, कोणती ओळ केवळ यमकासाठी आली आणि कोणती ओळ वाचून आपण नाहक नदीपलीकडे गेलो, हे सारे तेथे उलगडते. ज्या कोड्याचे उत्तर जाहीर करण्याची छाती कोडे घालणाऱ्याला आहे, ते कोडे प्रामाणिक असते. क्वचित एखाद्या ओळीचे स्पष्टीकरण ओढूनताणून केल्यासारखे वाटते, आणि त्यावर येथे आठवडाभर चर्चा चालते. पण ती चर्चाही कवितेच्या एका ओळीवर चाललेली असते, हे विसरून चालणार नाही.

प्रत्यक्ष शोध मात्र अंगमेहनतीचा आहे. या दिवसांत सेंट पॉलचे रात्रीचे तापमान सरासरीने उणे १४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि थंडीची लाट आली की ते उणे २० च्याही खाली जाते. जमीन दगडासारखी गोठलेली असल्यामुळे चकती खोल पुरलेली नसते. ती बर्फात, पालापाचोळ्यात, झाडाच्या बुंध्याशी असते. शिवाय ती चकती म्हणून उघडी पडलेली सहसा नसते. कधी ती क्रीमच्या बिस्किटात दडवलेली होती, तर कधी बाळाच्या डायपरमध्ये. म्हणजे बागेत एरवी जो कचरा आपण पायाने बाजूला सारतो तोच येथे हातात घेऊन, उलटून, फोडून पाहावा लागतो. शोधणाऱ्यांजवळ फावडे असते, बागकामाचे दंताळे असते, कपाळाला बांधलेला दिवा असतो. बर्फाचा वरचा पापुद्रा चालून चालून कडक झालेला असतो आणि तो फोडताना काचेसारखा आवाज होतो. खालचा भुसभुशीत बर्फ दंताळ्याने ओढून घ्यायचा, त्यातले प्रत्येक पान, प्रत्येक साल, प्रत्येक गोठलेला मोजा बोटांनी चाचपायचा, आणि तपासलेला ढीग पाठीमागे टाकायचा. अडचण अशी की पाठीमागचा माणूस तोच ढीग पुन्हा तपासू लागतो, आणि त्याच्या मागचा तिसऱ्यांदा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, याची खरी प्रचिती येथे येते. कारण ज्या जागेवरून शेकडो माणसे चालून गेली तेथेच चकती पडून राहिल्याचे नंतर कळते.

रात्रीच्या बागेतील वागणूकही पाहण्यासारखी असते. अनोळखी माणसे एकमेकांना थर्मासमधील कॉफी देतात, हातमोजे विसरलेल्या पोराला कोणीतरी आपली जोडी काढून देते, पण कडव्याचा अर्थ विचारला की ताकास तूर लागू देत नाहीत. अनेक कुटुंबांत ही पिढ्यांची परंपरा आहे. आजोबांनी वर्तमानपत्रातून कापून ठेवलेली जुनी कडवी नातवंडे अजून सांभाळतात. पूर्वी मध्यरात्रीच्या सुमारास वर्तमानपत्राच्या इमारतीबाहेर गर्दी जमत असे. छापखान्यातून आलेली पहिली प्रत हाती पडावी, कडवे गाडीच्या दिव्यात वाचावे आणि तिथूनच बागेकडे निघावे, असा त्यांचा क्रम असे. आता कडवे इंटरनेटवरही येते आणि ती गर्दी ओसरली आहे. घरबसल्या कडवे मिळणे ही सोय आहे, आणि लहान मुलांच्या आईबापांना किंवा दूर राहणाऱ्यांना ती हवीच. पण ताजा अंक हातात घेऊन अनोळखी माणसाच्या खांद्यावरून कडवे वाचण्यात जे होते ते पडद्यावर नाही, असे मला स्पष्टपणे वाटते.

खर्चाच्या दृष्टीने पाहिले तर हा शोध जवळजवळ फुकट आहे. भाग घेण्यासाठी तिकीट नाही, वयाची किंवा पत्त्याची आडकाठी नाही, आणि बागा सर्वांना खुल्या असतात. बक्षिसाची पूर्ण रक्कम हवी असेल तर मात्र दोन गोष्टी लागतात: कार्निव्हलचा नोंदणी केलेला बिल्ला आणि तोपर्यंत वर्तमानपत्रात आलेली कडवी. त्या नसतील तर रक्कम बरीच कमी होते. बिल्ला थोडक्या डॉलरांत मिळतो, आणि दर वर्षी नव्या चित्राचा निघत असल्यामुळे तो जमवणारेही पुष्कळ आहेत. कडव्यांची अट मला पूर्णपणे न्याय्य वाटते, कारण जे दैनिक हा सारा खटाटोप करते त्याचा अंक घ्यावा एवढीच त्याची अपेक्षा आहे, आणि स्थानिक दैनिकांचे सध्याचे हाल पाहता ती फार नव्हे. बिल्ला घेऊन त्याची वेगळी नोंदणीही करावी लागते, हे मात्र नवख्याच्या ध्यानात राहत नाही. वर्षानुवर्षे खेळणारे ती करूनच बाहेर पडतात. ज्याला शेजाऱ्याने आज सकाळी सांगितले आणि जो आज संध्याकाळी मुलांना घेऊन निघाला, त्याला ही अट माहीतच नसते. प्रत्येक कडव्याच्या खाली ही अट ठळक अक्षरांत यावी असे मला वाटते.

नवख्यांची अडचण एवढ्यावर संपत नाही, आणि या उपक्रमाविषयी माझी सर्वांत मोठी तक्रार येथेच आहे. आजचे सेंट पॉल हे केवळ जर्मन आणि आयरिश वंशाच्या जुन्या कुटुंबांचे शहर राहिलेले नाही. येथे आग्नेय आशियातून आलेल्या ह्मोंग लोकांची फार मोठी वस्ती आहे, म्यानमारमधून आलेले करेन लोक आहेत, सोमाली आहेत, मेक्सिकोतून आलेली कुटुंबे आहेत. कडव्यांतील संदर्भ मात्र पुष्कळदा अशा दुकानांकडे, अशा सिनेमागृहांकडे आणि अशा माणसांकडे वळतात, की जी ५० वर्षांपूर्वी येथे असलेल्यांनाच ठाऊक असावीत. जुन्या आठवणींना माझा विरोध नाही. त्यांतूनच मी हे शहर शिकले. पण युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूवरच्या आजच्या बाजारात रोज भाजी घेणाऱ्या बाईलाही एखादी ओळ वाचताच ‘हे मला कळले’ असे वाटायला हवे. बारा कडव्यांत तीन-चार ओळी नव्या शहराच्या आल्या, तर खेळाची चुरस कमी न होता वाढेलच.

दुसरी तक्रार बागांबद्दल आहे. शेवटची कडवी आली की एकाच बागेत शेकडो माणसे उतरतात, आणि त्या रात्रीनंतर ती बाग नांगरलेल्या शेतासारखी दिसते. बर्फ वितळून जातो, पण झुडपांच्या मोडलेल्या फांद्या आणि खरवडलेली हिरवळ मार्चमध्ये उघडी पडते. गोठलेली जमीन फोडण्याची गरज नसते हे सर्वांना माहीत असूनही काही जण कुदळी घेऊन येतात, हे मला अजिबात पटत नाही. ज्या शहरात इंडियन माउंड्ससारखी बाग आहे तेथे तर हा प्रश्न केवळ हिरवळीचा नाही. नदीच्या वर उंचावर असलेल्या त्या बागेत येथील मूळ रहिवाशांच्या पूर्वजांची प्राचीन दफनस्थाने आहेत, आणि डकोटा लोक त्या भूमीला पवित्र मानतात. कडव्याचा अर्थ कितीही तिकडे ओढला जात असला, तरी फावडे घेऊन तेथे कोणी पाय ठेवू नये. कोणत्या जागा खेळाच्या बाहेर आहेत, हे पहिल्याच कडव्याबरोबर नावानिशी छापणे हे दैनिकाचे कर्तव्य आहे असे मी मानते.

तिसरी गोष्ट तक्रार म्हणून नव्हे, सावधगिरी म्हणून सांगते. वाऱ्यासह थंडी उणे २८ अंशांसारखी भासू लागली की उघड्या त्वचेला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. शोधात माणूस वाकलेला असतो, घामाने आतला कपडा ओला होतो आणि थांबल्याबरोबर तोच कपडा अंगाला चावू लागतो. त्यामुळे सुती कपडा अंगालगत घालू नये. लोकरीचा किंवा घाम बाहेर सोडणाऱ्या कापडाचा घालावा, हातमोज्यांच्या दोन जोड्या ठेवाव्यात आणि मुलांना सलग बाहेर न ठेवता मधूनमधून गाडीत आणून बसवावे. तळ्यांच्या बर्फावर शोधासाठी जाऊ नये.

ट्विन सिटीजमधील, म्हणजे मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांतील, मराठी कुटुंबांना मी हा शोध आवर्जून सुचवते. आपल्यापैकी बरेच जण मिनियापोलिसच्या पश्चिमेकडील उपनगरांत राहतात, आणि नदीपलीकडचे सेंट पॉल त्यांना फारसे माहीत नसते. संक्रांतीचे कार्यक्रम आटोपले की फेब्रुवारी संपेपर्यंत घराबाहेर पडायला निमित्त उरत नाही. मुले पडद्यासमोर आणि मोठी माणसे हवामानाला दोष देत, असा तो काळ जातो. कडव्यांनी तो काळ भरून निघतो. चकती मिळवण्याची ईर्षा धरू नका. ती मिळणे फार थोड्यांच्या नशिबी असते. रोजचे कडवे जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचा, शहराचा नकाशा भिंतीला लावा, मुलांना एकेक ओळ वाटून द्या आणि शनिवारी दुपारी ज्या बागेवर सर्वांचे एकमत होईल तेथे जाऊन या. इंग्रजी कवितेचा कंटाळा करणारे आठवी-नववीतले मूल एका विशेषणावर अर्धा तास भांडताना मी पाहिले आहे. भारतातून आलेल्या आजी-आजोबांनाही यात बसवता येते. त्यांना शहर ठाऊक नसते, पण ओळीत काहीतरी दडले आहे हा संशय घेण्याची सवय त्यांना आपल्या उखाण्यांनी आणि कोड्यांनी कधीच लावलेली असते.

मिनेसोटातील कितीतरी लहान गावांनी आपापल्या जत्रांसाठी असाच मेडॅलियन-शोध सुरू केला आहे, आणि मिनियापोलिसच्या अ‍ॅक्वाटेनिअल या उन्हाळी उत्सवातही तो होत आला आहे. त्यांपैकी काही मी पाहिले. उन्हाळ्यातील शोध आरामाचा असतो, पण मूळ शोधाची ओढ त्यांत येत नाही. थंडी हा येथे अडथळा वाटला तरी तोच या खेळाचा कस आहे. ज्याला बाहेर पडायचे आहे त्याने कडवे नीट वाचूनच पडावे, अशी ती सक्ती करते. उन्हाळ्यात माणूस दहा बागा पालथ्या घालील, उणे २० मध्ये तो एकाच बागेत जाईल आणि त्याआधी चार वेळा विचार करील.

पाचपैकी गुण द्यायचे झाले तर कडव्यांच्या घडणीसाठी पाच, शोधाच्या आनंदासाठी साडेचार, नवख्यांच्या सोयीसाठी तीन आणि बागांच्या काळजीसाठी अडीच असे मी देईन. पुढच्या जानेवारीत उतरणार असाल तर नियम त्या त्या वर्षी छापले जातात ते संपूर्ण वाचावेत, रोजचे कडवे अंकातून कापून एका पाकिटात ठेवावे, आणि बिल्ला घेऊन त्याची नोंदणी पहिले कडवे येण्याआधीच उरकून टाकावी.